नऊ मीटर

काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलचा पहिला आठवडा. सकाळचे आठ वाजलेले. जळगावात या दिवसांत आठ वाजले की ओट्यावरचं माणूस घरात जातं आणि ओटा उन्हाच्या ताब्यात देतं. मावशीच्या घरासमोर दोन पोरं मोटारसायकलवरून उतरली. एकाच्या हातात पिवळी टेप, दुसऱ्याच्या हातात वही. टेपचं टोक मावशीच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकवून एक जण उभा राहिला, दुसरा टेप ओढत समोरच्या भिंतीपर्यंत गेला.

"सात चाळीस."

"गटार धरून?"

"धरूनच. गटार सोडली तर साडेसहापण भरायचं नाही."

मावशी दारातून गवार मोडत बघत होती. "काय मोजता रे बाळांनो?"

"काही नाही आजी, रोड मोजतोय."

"मोजा. तो काय कुठं पळून चाललाय!"

रस्ता पळून चालला नव्हता, हे खरं. पण तो जागेवरही राहणार नव्हता. रिंग रोडच्या मागच्या या गल्लीचं माप जुन्या मंजूर ले-आउटमध्ये २५ फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर लिहिलेलं आहे. पोरांना हवे होते नऊ. मधल्या दीड मीटरवर काय काय अवलंबून आहे, हे तेव्हा मावशीला ठाऊक नव्हतं आणि मलाही नीटसं नव्हतं. वीस वर्षं या शहरात बातमीदारी करूनही नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

२ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई आणि आणखी काही अपवाद वगळले तर सगळ्या महाराष्ट्राला एकच नियम. तोवर जिल्ह्याच्या गावाचे नियम वेगळे आणि पुण्या-नाशिकचे वेगळे होते. आमच्याकडे साधारण जेवढा भूखंड तेवढंच बांधकाम, असा हिशेब असे. तोंड मास्कमध्ये असण्याच्या त्या दिवसांत पेपरात ही बातमी आतल्या पानावर आली आणि लोकांनी पान उलटलं. वाचली ती आर्किटेक्टांनी आणि बिल्डरांनी. त्यातला एक तक्ता त्यांना आज तोंडपाठ आहे.

तो तक्ता रस्त्याच्या रुंदीवर चालतो. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात, तो १.१०. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गाडी तिथेच थांबते. नऊ मीटर भरला की पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि विकत आणायचा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, यांचं दार उघडतं आणि महापालिका क्षेत्रात एकूण आकडा २ वर जातो. रस्ता १२ मीटरचा असला तर सव्वादोन, १५ मीटरला अडीच, २४ मीटरला पावणेतीन, ३० मीटर आणि पुढे तीन. शिवाय जिना, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी राहण्याच्या इमारतीला आणखी ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय, तोही पैसे भरूनच.

आता मावशीच्या गल्लीचा हिशेब. भूखंड साधारण २०० चौरस मीटरचा. रस्ता साडेसात मीटरचा राहिला तर पूरक धरून साडेतीनशे चौरस मीटरच्या आसपास बांधता येतं, म्हणजे ऐसपैस बंगला किंवा दोन-तीन मजल्यांचं घर. तोच रस्ता कागदावर नऊ मीटरचा झाला की ६४० चौरस मीटर. शेजारचा भूखंड जोडून घेतला की जवळजवळ १,३००. खाली स्टिल्ट पार्किंग आणि वर सहा-सात मजले. दीड मीटरचा फरक, म्हणजे दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच फूट. मावशीच्या बाजूचे अडीच फूट म्हणजे ओट्याच्या दोन पायऱ्या, जाईचा मांडव आणि पाण्याच्या मीटरची चौकोनी पेटी.

ही रुंदी वाढते कशी? महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखता येते. रेषा आखली म्हणजे बुलडोझर येत नाही. जो नव्याने बांधायला काढतो त्याने रेषेच्या मागे सरकायचं आणि पुढची पट्टी रस्त्याला सोडायची. बाकीचे जागच्या जागी राहतात. त्यामुळे गल्लीची कड काही वर्षं दात पडलेल्या तोंडासारखी दिसते. एक भिंत मागे, दोन पुढे, पुन्हा एक मागे. मागे सरकलेल्या भिंतीपुढच्या खाचेत फळांची हातगाडी लागते किंवा स्कॉर्पिओ. रस्ता कागदावर नऊ मीटर, चालणाऱ्याला मात्र साडेसहाच.

या गल्लीत मी लहानपणापासून येतोय. सत्तरच्या दशकात ती वसली तेव्हा इथे शेत होतं. शेताचं एनए, म्हणजे बिनशेती झालं, ले-आउट पडला, दहा टक्के ओपन स्पेस सुटली. तिच्यावर पुढे मारुतीचं देऊळ झालं आणि उरलेल्या जागेत लग्नाचे मांडव पडू लागले. भूखंड घेणारे शिक्षक, एसटीतले, जिल्हा परिषदेतले, बँकेतले. गावातल्या वाड्यातून, शनिपेठ-बळीराम पेठेतून, बाहेर पडणारी ती पहिली पिढी. त्यांच्या आईवडिलांनी जन्म काढला तो धाब्याच्या घरात. लाकडाच्या कड्यांवर मातीचं सपाट छत, पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरायची आणि तरी कुठून तरी गळतंच, मग रात्री पातेली मांडायची. त्या पिढीने स्लॅब टाकला तो एका हट्टापायी. वर गच्ची हवी.

खानदेशात गच्चीला दुसरी खोली म्हणतात असं मी म्हटलं तर कोणी वाद घालणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पाचला मावशीच्या गच्चीवर बायका जमत. रात्रीच भिजवून दळलेल्या ज्वारीचा चीक मोठ्या पातेल्यात शिजे, घोटताना हात भरून येत. खाटेवर ओलं धोतर अंथरायचं आणि त्यावर हाताने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकत जायचं. ऊन चढायच्या आत शेवटचा बिबडा पडला पाहिजे. संध्याकाळी धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा की बिबडे सुटे होतात. अर्धवट वाळलेले खायला आम्ही पोरं टपलेली असायचो आणि कावळेही. रात्री त्याच गच्चीवर गाद्या. पारा ४४-४५ वर गेलेल्या दिवसानंतर स्लॅबवर दोन बादल्या पाणी मारलं की वाफ निघे, मग जरा वेळाने वारा. गल्लीतल्या चोवीस घरांच्या गच्च्या जवळपास एकाच उंचीवर होत्या. पलीकडच्या गच्चीवरचा रेडिओ आमच्याच उशाशी आहे असं वाटायचं.

मावशीच्या घराच्या पश्चिमेकडे सातमजली इमारत उभी राहिली तेव्हा पहिली गेली ती ही समान उंची. आता मावशीच्या गच्चीवर उभं राहिलं की कोणाच्या तरी बाल्कनीतल्या कपड्यांना आपलं डोकं लागेल असं वाटतं आणि वरून आपण कसे दिसत असू याचा विचार येतो. बाईमाणूस रात्री गच्चीवर झोपत नाही. खोटं कशाला बोलू, मे महिन्यात तिसऱ्या प्रहरी इमारतीची सावली घरावर येते तेव्हा बरं वाटतं. मावशीच म्हणाली, दुपारी पंखा पुरतो. पण ती सावली बिबड्यांवरही तीनलाच पडते. आणि रात्री सगळी देणी व्याजासकट वसूल होतात. सात मजल्यांचं काँक्रीट दिवसभर तापलेलं, मधल्या मार्जिनमध्ये चौदा एसींची तोंडं आपल्याकडे वळलेली, आणि पश्चिमेचा वारा अडलेला.

बांधकामाच्या दीड वर्षात काय झालं ते सांगण्यासारखं आहे, पण थोडक्यात. आमची जमीन काळी. पाणी पडलं की फुगते, उन्हाने भेगाळते. शेजारी पायासाठी खोल खोदलं त्या वर्षी पाऊस लांबला आणि मावशीच्या कंपाउंडला कोपऱ्यापासून तिरपी चीर गेली, पुढे ती स्वयंपाकघरापर्यंत आली. मी अर्ज लिहून दिला. पोच मिळाली. चिरेत सिमेंट बिल्डरच्या माणसाने भरलं, रंग मावशीने दिला. दोन्हींच्या छटा जुळल्या नाहीत.

नळाचं गणित मात्र अजून सुटलेलं नाही. चोवीस घरांसाठी टाकलेल्या पाइपावर आता दोन इमारतींचे अठ्ठावीस फ्लॅट वाढले. जळगावला पाणी वाघूर धरणातून येतं, रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी इमारतीची मोठी मोटर आधी ओढते. अमृत योजनेत शहर खणून नव्या वाहिन्या टाकल्या, तेव्हा गल्लीने आणखी दोन वर्षं धूळ खाल्ली. एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. रस्त्याखालच्या पाइपाची जाडी त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी उंचीशी माझं वैर नाही.

वैर नाही याचं कारण जळगावला उंचीची सवय लावली ती नगरपालिकेनेच. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या या नगरपालिकेने महापालिका होण्याच्या आधीच्या काळात स्वतःसाठी सतरा मजली इमारत उभी केली. तिला सरदार वल्लभभाई पटेल टॉवर असं नाव आहे, पण रिक्षावाल्याला 'सतरामजली' म्हणायचं. त्याच काळात व्यापारी संकुलं झाली, गोलाणी मार्केट झालं. हुडकोचं कर्ज आणि त्यातून घरकुलं. झोपडीतल्या माणसाला पक्कं घर देण्याची ती योजना अर्धवट राहिली, २००६ मध्ये फिर्याद झाली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी पदाधिकाऱ्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. तो निकाल ऐकायला जळगावहून निघालेल्या गाड्यांची रांग मला आठवते. एरंडोल, पारोळा आणि मग धुळे.

धुळ्याचा रस्ता धरलाच आहे तर तिथे थोडं थांबू, कारण रस्त्याच्या रुंदीचा विचार करून वसवलेलं शहर बघायचं तर ते खानदेशात धुळेच. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुख्यालयासाठी धुळे निवडलं. पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरचं, मध्यावरचं गाव. १८१९ मध्ये इथे ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. ब्रिग्जने नवी वस्ती आखली, लांबून कारागीर आणले आणि व्यापाऱ्यांना बसवण्यासाठी घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर बांधायला उचल दिली. धुळ्यात कोणालाही विचारा, शहर आखलं ते विश्वेश्वरय्यांनी असं ठासून सांगतील. विश्वेश्वरय्या इथे नोकरीला होते, पण १८८४ नंतर. तोवर गल्ल्या पडून साठ-पासष्ट वर्षं झालेली. मोठ्या माणसाच्या नावावर चांगली गोष्ट जमा करायची आपली जुनी खोड आहे.

गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गल्ली नंबर चार, पाच, सहा. आग्रा रोडला धरून एकीशेजारी एक, सरळ. पत्ता सांगायला याहून सोपं शहर महाराष्ट्रात नसेल. वाड्यांची तोंडं अरुंद आणि पोट लांब. पुढे दुकान, मध्ये चौक, मागे विहीर किंवा परस. माझ्या एका आतेबहिणीचं सासर अशाच एका गल्लीत. मी दारावरची कडी वाजवली की आतून म्हातारीचा आवाज यायचा, "कोन शे रे भो?" तो आवाज येईपर्यंत लागणारा वेळ म्हणजे त्या घराची लांबी. पाच वर्षांपूर्वी वाडा उतरवला. सागाचे खांब जुन्या फर्निचरवाल्याने नेले, दारावरची कोरीव पट्टी घरच्यांनी ठेवली आणि ती आता तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेली आहे. खाली दोन गाळे. गाळ्यांच्या भाड्यात घराचा हप्ता निघतो. चौक गेला, पण आतेबहीण म्हणते, चौक सारवून सारवून माझे गुडघे गेले ते कोणी मोजले नाहीत. हे ऐकल्यावर मी वाड्यांवर लिहायला घेतलेला एक लेख बाजूला ठेवला.

गावठाणातल्या दाट वस्तीचे नियम वेगळे असल्याने गल्ल्यांत उंची जरा बेताने वाढते. धुळ्याचा खरा कायापालट पांझरा नदीपलीकडे, देवपुरात. वाडीभोकर रोडवर नोकरदारांचे बंगले उठले, मग बंगल्यांच्या पडवीत क्लासेस आले, क्लासेसच्या जागी दवाखाने, दवाखान्यांच्या जागी दुकानांवर फ्लॅट. रस्ता रुंद असला की निवासी भूखंडालाही आर-टू लागतो आणि खाली दुकानं चालतात. तिथे कोणी धोरण बदललंय असं रहिवाशांना कधी कळलं नाही. फक्त एके वर्षी दूधवाल्याला सायकल लावायला जागा मिळेनाशी झाली. २०१८ मध्ये वलवाडी, भोकर, नकाणे, महिंदळे अशी ११ गावं महापालिका हद्दीत आली, आणि काल ज्या शेताच्या बांधावर बिनशेतीचे दगड होते तिथे आज शहराचे नियम लागले. घरपट्टी आधी आली. पाणी दर काही दिवसांनी, तेही जमेल तसं.

दोन्ही शहरं २००३ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजारांवर, धुळे पावणेचार लाख. मुंबईच्या मानाने काहीच नाही. मग इथे सात मजले लागतात कोणाला? जळगाव म्हणजे सोनं, केळी, डाळ, चटई. या धंद्यांतला पैसा पूर्वी सोन्यात आणि शेतात जाई, आता बराच फ्लॅटमध्ये जातो. पण मावशीच्या गल्लीत जमीन बिल्डरकडे जाते ती वेगळ्याच कारणाने. चोवीसपैकी सतरा घरांतली मुलं पुण्यात आहेत, दोन घरांतली परदेशात. उरलेत सत्तरी ओलांडलेले नवरा-बायको, एक कडुनिंब आणि रोजचा दोन टोपल्या पाला. गच्चीवर चढायचा जिना वर्षातून दोनदा वापरतात. बिल्डर साठ-चाळीसची बोलणी करतो, दोन फ्लॅट आणि वर काही रक्कम, बांधकाम होईपर्यंत भाडं. मुलगा पुण्यातून फोनवर म्हणतो, आई, लिफ्ट आहे. लिफ्टपुढे वाद संपतो.

आणि एक गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. या कॉलन्या वसल्या तेव्हा भूखंड कोणाला द्यायचा हे आडनाव बघून ठरे. भाडेकरूला स्वयंपाकघरात मांसमच्छी करता का हे पहिल्या मिनिटाला विचारलं जाई. फ्लॅटमध्येही विचारतात, नाही असं नाही. पण सातमजलीच्या चौथ्या मजल्यावर नंदुरबारकडची एक आदिवासी शिक्षिका एकटी राहते, पाचव्यावर बदलीवर आलेला बँकवाला मुस्लिम आहे. गल्लीच्या पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा घडलं आणि ते पैशाने घडवलं, आपल्या थोरपणाने नव्हे.

गेलं ते काय गेलं, याची यादी करायला बसलो तर मेहरूणची बोरं आधी लिहावी लागतील. मेहरूण तलावाकडच्या बोरांना एकेकाळी बाहेरगावाहून मागणी होती. आज त्या बाजूला फिरताना बागा हुडकाव्या लागतात आणि प्लॉट हुडकावे लागत नाहीत. काव्यरत्नावली चौकात उभं राहिलं तर आणखी एक गंमत. १८८७ मध्ये नारायण नरसिंह फडणीसांनी या गावातून फक्त कवितेचं मासिक काढलं, त्याचं नाव चौकाला आहे. तिथे रात्री लोक कुल्फी खातात आणि एकमेकांना चौरस फुटाचा भाव विचारतात. भाव ऐकून मी दरवेळी गप्प बसतो. जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचं घर जपून ठेवलंय. त्या घराच्या ओट्यावर बसलं की समजतं, आपण ज्याला ऐसपैस म्हणायचो ते मुळात किती लहान होतं.

या सप्टेंबरात मावशीनेही होकार दिला. शेजारच्या कुलकर्ण्यांचा भूखंड आणि तिचा मिळून. मी आडनाव बदललंय, भूखंड तोच. विकसन करारनाम्याचा मसुदा घेऊन वकीलसाहेब ओट्यावर आले, सोबत बिल्डरचा माणूस आणि पुण्याहून आलेला मावसभाऊ. चहा झाला. करारात सगळं होतं: फ्लॅट कितवा, टाइल्स कुठल्या, उशीर झाला तर महिन्याला किती, महारेराचा नोंदणी क्रमांक कधी. पान उलटत वकील वाचत होते आणि मावशी ऐकत होती. मधूनच ती त्या चिरेकडे बघत होती, सिमेंट भरलेल्या.

"काकू, काही विचारायचंय?"

"गच्चीची किल्ली कोणाकडे राहील?"

वकील हसले. "गच्ची सामाईक असते काकू. सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे कुलूप कोणाचं?"

बिल्डरच्या माणसाने सांगितलं की वर सोलर असतं, टाक्या असतात, लहान मुलं जातात, म्हणून कुलूप लावतात, किल्ली वॉचमनकडे. मावसभाऊ म्हणाला, "आई, आता कोण करतं बिबडे, विकत मिळतात."

"मार्चात चार दिवस," मावशी म्हणाली. "पहाटे पाच ते संध्याकाळ. तेवढं लिहा."

"असा क्लॉज नसतो काकू करारात."

"मग घाला."

वकिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बिल्डरच्या माणसाकडे. मग पेन काढून समासात लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता थांबून विचारलं, "खाट वर न्यायची की खालीच ठेवायची?"